न जाणारा फ्यूज

माझ्या दाजींनी बांधलेला फ्यूज जात नाही. शाहूवाडीकडं, त्यांच्या आसपासच्या गावांत त्यांची ख्याती आहे ती एवढीच, आणि तेवढी त्यांना पुरते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. शेतातली मोटर असो, पिठाची गिरण असो, लग्नाच्या मांडवातली लायटिंग असो, फ्यूज सारखा उडायला लागला की लोक ह्यांना बोलावतात. हे येतात, चिनी मातीचं टोपण ओढून काढतात, एका तारेच्या जागी सहा-सात तारांचा पीळ घालतात, टोपण परत ठोकून बसवतात आणि म्हणतात, "आता बघाय नको." आणि खरंच कुणाला बघावं लागत नाही. फ्यूज जागेवर राहतो. काही महिन्यांनी मोटर जळते. ती जळलेली मोटर गाडीवर टाकून लोक पुन्हा ह्यांच्याकडेच आणतात, कारण जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं कामही हेच करतात. फ्यूज न जाणं आणि मोटर जाणं ह्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्या गावांत कधी कुणी म्हणालं नाही. मी म्हणालो. भर पंगतीत म्हणालो.

आमचं जमत नव्हतं ते त्याच्या आधीपासून. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेली नाही. वडील कारखान्याच्या ट्रकवर क्लीनर होते, आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला, तण काढायला जायची. हे मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, हा मोठेपणा सांगतोय. सांगतोच आहे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या लटकल्यात त्यांनी गप्प बसावं, मी का बसू? तर लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत दाजींनी चारचौघांत बंद पडलेला मिक्सर माझ्यापुढे ठेवला. मला तो दुरुस्त करता आला नाही. कार्बन ब्रश झिजलेत हे कळलं, पण नवे जवळ नव्हते. दाजी म्हणाले, "डिग्री घरातच ठिवून आलासा काय पावणं?" सगळे हसले. अक्का हसली नाही. ते मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचं मला काही कारणही दिसत नाही.

आता मी शिरोलीच्या एका फौंड्रीत मेंटेनन्स बघतो. भट्ट्या, क्रेन, बॅटरीवरचे फोर्कलिफ्ट, सगळ्यांची वीज माझ्या हाताखाली आहे. दाजींच्या लेखी मी अजून मिक्सरवाला.

अक्काच्या गावामागे धरणाचं पाणी आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या बायकांच्या बचत गटाला एका योजनेतून बोट मिळाली. बॅटरीवर चालणारी, आठ माणसं बसतील अशी, धूर नाही की आवाज नाही. सुट्टीच्या दिवशी कोल्हापुरातली माणसं तिकडं फिरायला येतात, त्यांना पाण्यावर चक्कर मारून आणायची, असा बेत. बोट चालवायचं शिकायला गटातल्या तीन बायका गेल्या. त्यातल्या दोघींनी पाण्याला भिऊन सोडून दिलं. अक्का शिकली. माझी अक्का सातवीपर्यंत शाळेत गेली, पुढं मला सांभाळायला घरी बसली. ती आता चाक धरून बोट चालवते. ह्याचा मला माझ्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे. हे तिला मी सांगितलेलं नाही, आमच्यात तसं सांगायची पद्धत नाही.

बोटीबरोबर मोटर आली होती, मोटरला किती करंट सोडायचा ते ठरवणारा कंट्रोलर आला होता. बॅटऱ्या गटानं कोल्हापुरातून घेतल्या, आणि त्या जोडायचं काम अर्थातच दाजींनी केलं. घरचाच वायरमन असताना बाहेरचा कशाला?

बोट पाण्यात उतरायच्या आधी अक्काचा फोन आला. "तू एकदा येऊन बघ."

"का? काय झालंय?"

"झालं काय न्हाय. माझ्या बुडाखाली चार बॅटऱ्या हायत. तू बघ एवढंच."

मी गेलो. चालवणाऱ्याच्या फळीखाली लाकडी पेटी होती, तीत चार बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. बारा चोक अठ्ठेचाळीस व्होल्ट. आणि पेटीच्या आत, बाजूच्या फळीवर, घरात मीटरखाली असतो तो चिनी मातीचा पांढरा फ्यूज. टोपण ओढलं. आत तांब्याच्या तारांचा पीळ, माझ्या करंगळीएवढा जाड.

"दाजी, हे काय आहे?"

"फ्यूज."

"हा फ्यूज नाही. ही दोरी आहे."

"दणकट हाय," दाजी म्हणाले. "पाण्यात जाणार बाईमाणूस. मधीच बंद पडून चालंल व्हय?"

दणकट. ह्या एका शब्दानं आमच्या भागाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं पुरानंही केलं नसेल. आम्हाला चप्पल दणकट पाहिजे, बैल दणकट पाहिजे, जावई दणकट पाहिजे, ते सगळं ठीक. पण आम्हाला फ्यूजसुद्धा दणकट पाहिजे. जी वस्तू जगात फक्त मरण्यासाठी बनवली आहे, ती मरू नये म्हणून आम्ही तिला सात पदर देतो. आमच्या बोलण्यातच खोट आहे. पुस्तकात फ्यूज बसवतात, आम्ही फ्यूज बांधतो. बैल दाव्याला बांधतात तसा. आणि बांधलेली वस्तू सुटून गेली की बांधणाऱ्याची अब्रू जाते. दाजींची अख्खी अब्रू त्या पिळात आहे, हे मला त्या दिवशी पेटीपुढं उकिडवा बसल्यावर कळलं. कळलं म्हणून मला त्यांची दया आली असं मात्र नाही.

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू, सांगितलं ते ओरडूनच सांगितलं. की फ्यूज मोटरला वाचवायला नसतो, तो वायरला वाचवायला असतो. वायर किती करंट सोसते ते आधी बघायचं आणि त्याच्या आत फ्यूज ठेवायचा. मोटर नेहमी जेवढा ओढते त्याच्यापेक्षा थोडा जास्त, वायर जेवढा सोसते त्याच्यापेक्षा कमी. ह्या दोन आकड्यांच्या मधल्या गल्लीत फ्यूज बसतो. गल्लीच नसेल तर वायर जाड घ्यायची. फ्यूज जाड करायचा नाही.

आणि घरातला फ्यूज बॅटरीला चालत नाही. घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तार वितळली की मधल्या फटीतली ठिणगी विझायला संधी मिळते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही. वेल्डिंगवाला रॉड जरा उचलतो आणि आर्क लांबतो, तशी ती ठिणगी ओढली जाते. म्हणून बॅटरीसाठी बनवलेला, डीसी लिहिलेला फ्यूज लागतो. त्यावर किती व्होल्टपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. चुकून पाना पडून दोन टोकं एक झाली तर बॅटरी एका क्षणात दोन-तीन हजार अँपिअर ओकते, तेवढं तोडायची ताकद त्यात पाहिजे. आणि तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत पाहिजे, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कुणी वाली नसतो.

शिवाय पाणी उपसायचा पंप, हॉर्न आणि दिवा ह्यांच्या सुतळीएवढ्या वायरी दाजींनी त्या करंगळीएवढ्या पिळापुढूनच काढल्या होत्या. त्यातली एक सोलून दुसरीला टेकली तर ती बोटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाली असती आणि पीळ थंडगार राहिला असता. मी म्हणालो, प्रत्येकीला स्वतःचा बारीक फ्यूज पाहिजे, गाडीत रंगीत पात्यांचे असतात तसला.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग तंबाखू मळत ते काठावरच्या लोकांकडे बघून म्हणाले, "एका बोटीला चार फ्यूज. म्हंजे बंद पडायची चार ठिकाणं."

लोक हसले. मिक्सरच्या वेळी हसले होते तसेच.

अक्का म्हणाली, "त्याला लावू द्या."

दाजींनी टोपण माझ्यापुढं टाकलं आणि ते निघून गेले.

कोल्हापुरात आल्यावर मी आधी गेलो एका म्युझिक सिस्टिमच्या दुकानात. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या गाड्यांना बॅटरीजवळ मोठे फ्यूज लागतात, ते इथं मिळतात हे ठाऊक होतं. दुकानदारानं काचेतून सोनेरी पट्टीचा एक फ्यूज काढला. दिसायला दागिनाच.

"पावणं, तीनशेचा हाय. उडणारच न्हाय."

"मला उडणारा पाहिजे."

त्यानं माझ्याकडे खालीवर बघितलं. "एवढी वरसं दुकान हाय, उडणारा फ्यूज मागणारं गिऱ्हाईक तुम्ही पयलंच."

मी तो फ्यूज हातात फिरवून बघितला. बारीक अक्षरात बत्तीस व्होल्ट लिहिलं होतं. आमच्या चार बॅटऱ्या चार्ज होताना अठ्ठावन्नपर्यंत जातात. तीनशेचा आकडा तरी खरा असेल का देव जाणे, पण बत्तीस वाचूनच मी तो खाली ठेवला. शेवटी आमच्या एमआयडीसीत फोर्कलिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडून घेतला. ऐंशी व्होल्ट डीसी, शंभर अँपिअर, झाकणवाल्या बैठकीसकट. मोटरच्या पाटीवर ऐंशी अँपिअर लिहिलं होतं, त्याच्यावर पाव भाग धरला की शंभर. केबल पंचवीस स्क्वेअर मिलिमीटरची आणली, ती त्याहून जास्त सोसते. हिशेब चोख होता. शनिवारी जाऊन मी सगळं बसवलं, झाकणं लावली, प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवली. दाजी लांबून बघत होते. मला वाटलं, बघा.

रविवारी तिसऱ्या फेरीत बोट पाण्याच्या मधोमध बंद पडली.

वारा सुटला होता. बोटीत कोल्हापूरचं एक कुटुंब होतं, म्हातारी आजी धरून सहा माणसं. त्या बाजूला बुडीत झाडांचे बुडखे पाण्याच्या जरा वर डोकं काढून असतात. बोट हळूहळू तिकडं सरकायला लागली. अक्का उठली, वल्हं काढलं आणि मारायला लागली. आठ माणसांची बोट, बॅटऱ्यांचं ओझं, एक बाई आणि एक वल्हं. आम्ही काठावरून बघत होतो. दुसरी बोट नव्हती.

दाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "इंजनेराचा फ्यूज गेला वाटतं."

मी पाण्याकडे तोंड केलं.

"तुमास्नी उडणारा पायजे हुता न्हवं? उडाला. आता बसा बघत."

अर्ध्या-पाऊण तासानं बोट काठाला लागली. अक्काच्या तळहातांची साल निघाली होती. मोटर वर घेतल्यावर पंख्याला मासे धरायचं नायलॉनचं जाळं गुंडाळलेलं निघालं, घट्ट, मुठीएवढं. पंखा फिरेना म्हणून मोटरनं करंट ओढला आणि फ्यूज गेला. जायलाच पाहिजे होता. मी ते जाळं उचलून सगळ्यांना दाखवलं.

"धरणात जाळी असायचीच," दाजी म्हणाले. "जाळ्याला इचारून मोटर चालवायची काय?"

आणि मी, फौंड्रीचा मेंटेनन्स इंजिनिअर, एकच फ्यूज घेऊन गेलो होतो. दुसरा जवळ नव्हता. पुन्हा मिक्सर. त्या दिवशीच्या उरलेल्या फेऱ्या रद्द झाल्या. गटाच्या बायका माझ्याशी बोलल्या नाहीत, अक्काही फार बोलली नाही. हातांना हळद लावून बसली होती. मी गाडीला किक मारली आणि कोल्हापूरला आलो.

घरी येऊन कंट्रोलरचं माहितीपत्रक काढून वाचलं, ते आधी वाचायला पाहिजे होतं. पूर्ण भरलेली बोट समोरच्या वाऱ्यात काठावरून सुटताना कंट्रोलर थोडा वेळ दीडशे अँपिअरसुद्धा देतो. मी फक्त मोटरची पाटी बघितली होती. शंभरचा फ्यूज आज ना उद्या जाळ्याशिवायही गेला असता. सव्वाशेचा, जरा सबुरीनं उडणारा पाहिजे होता. क्षणभराचा झटका सोसेल, पण पंखा अडकून करंट तसाच चालू राहिला तर जाईल असा. केबल तेवढं सोसत होती. तसले चार, जास्तीच्या एका बैठकीसकट, दुसऱ्याच दिवशी आणून मी गाडीच्या डिकीत टाकले. तेव्हा माझा आकडा चुकला होता हे मी इथं लिहून ठेवतो. दाजींचा चुकला वरच्या बाजूला, माझा खालच्या बाजूला. दोन्ही चुका सारख्या नाहीत, असं मी तेव्हा स्वतःला बजावत होतो.

गुरुवारी सकाळी अक्काचा फोन आला. आवाज बरा होता. "कालपासून चालू झाली बोट. शाळेची सहल यालीया उद्या."

"फ्यूज कुठला लावला?"

"तुझाच हाय. ह्यांनी त्याला जरा आधार दिलाय."

आधार. मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

"अक्का, बोट काढू नको."

"असं कसं? पोरं यालीत."

"वास येतो का काही?"

"काल संध्याकाळी आला. हे म्हणाले, नव्या रबराचा हाय."

मी सुपरवायझरला सांगून तसाच निघालो. मलकापूरच्या रस्त्यानं गाडी इतकी पळवली की आज आठवलं तरी लाज वाटते. पोचलो तेव्हा ती एक फेरी मारून काठाला लागत होती. माणसं उतरली. मी बोटीत उडी मारली आणि पेटी उघडली.

उडालेला फ्यूज जागच्या जागी होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, शाबूत आहे. त्याच्या मागून, एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंत, तारांचा तोच पीळ घातला होता आणि वरून काळी टेप गुंडाळली होती. टेप वितळून चिकट झाली होती. बैठकीचं प्लॅस्टिकचं झाकण मऊ होऊन पिळावर बसलं होतं, चुलीपुढं मेणबत्ती वाकते तसं. केबलला नख लावलं, तर रबरात खड्डा पडला. वरच्या फळीवर हात ठेवला. अक्का जिथं बसते ती फळी गरम होती. मोटर वर घेतली. पंख्यावर पुन्हा जाळं, ह्या वेळी थोडं. बोट जड चालत होती आणि पीळ बिनबोभाट सगळा करंट सोडत होता. चार्जिंग केलेल्या बॅटऱ्यांच्या बंद पेटीत ठिणगीनं भडकणारा गॅस साठतो, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दाजी आले. मागं गटाच्या अध्यक्षबाई होत्या.

"काय करालायसा पावणं? उद्याला सहल हाय."

"हे तुम्ही केलंय?"

"मग कोण करणार? तुमचा उडाला, तुम्ही गेलासा निघून. बोट काय पूजेला ठिवायची?"

"माझी बहीण बसते ह्याच्यावर."

"माझीबी बायकोच हाय ती."

"मग बायकोच्या बुडाखाली शेगडी कशाला पेटवताय?"

दाजींनी माझ्या शर्टाला हात घातला. मीही घातला. चाळिशी ओलांडलेला इंजिनिअर आणि पन्नाशी ओलांडलेला वायरमन, गुडघाभर चिखलात, एकमेकांची गळपट्टी धरून. माझ्या वरच्या खिशातला टेस्टर पाण्यात पडला. मी त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही. तीस वर्षं लोकांच्या मोटरी जाळल्यासा, हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य होतं. ते म्हणाले, "पुस्तक वाचून वायरमन हुता येत असतं तर मास्तर खांबावर चढलं असतं."

अक्का बोटीतच उभी होती. तिनं पेटीत वाकून ते वाकलेलं झाकण ओढून काढलं, पदरानं धरून, कारण ते अजून गरम होतं.

"अवं," ती दाजींना म्हणाली, "एक सांगा. तुमचा फ्यूज जात न्हाय?"

"न्हाय."

"कवाच?"

"कवाच न्हाय. मी बांधलाय."

"मग त्याच्या बदली काय जातंय?"

दाजींनी माझी गळपट्टी सोडली. ते काहीतरी बोलणार होते. अक्कानं ते झाकण त्यांच्यापुढं धरलं. "हे गेलं. उद्या वायर जाईल. वायर गेल्यावर काय जाईल? पाण्यात मला उतरून पळता येत न्हाय."

मला वाटलं, जिंकलो. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण ती लगेच माझ्याकडे वळली.

"आणि तू. तुझा उडाला, बरं झालं उडाला. पुढं काय? मी वाऱ्यात, बुडख्यांवर चालली बोट, बोटीत म्हातारी रडायली. तू काठावर उभा राहून बरोबर हुतास. त्या बरोबरचं मी काय करू?"

मी म्हणालो, मी सव्वाशेचा आणलाय, असा सहजासहजी उडणार नाही.

"पण उडंल न्हवं कवातरी?"

"उडायलाच पाहिजे."

"मग उडाल्यावर मी काय करायचं ते शिकीव की. का तेबी कॉलेजात जाऊन शिकायचं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फ्यूज निवडला होता वायर बघून, मोटर बघून, व्होल्ट बघून. बोटीत बसणारं माणूस बघून निवडला नव्हता. हातानं बदलता येतो का, पाना कुठला लागतो, वाऱ्यात किती वेळ लागतो, हे त्या गणितात कुठंच नव्हतं. दाजींना निदान एवढं कळलं होतं की पाण्याच्या मधोमध थांबणं वाईट. उपाय सापडला होता तो अघोरी, पण भीती खरी होती. हे मी लिहितोय, त्यांच्या तोंडावर कधीच म्हणणार नाही.

मी केबलचं तापलेलं टोक कापलं, डिकीतली नवी बैठक बसवली आणि बोटीत बसून तिला शिकवलं. आधी लाल मेन स्विच फिरवून बंद. मग मोटर वर घेऊन पंखा बघायचा, जाळं कापायचं. कारण काढल्याशिवाय नवा फ्यूज लावायचा नाही, नाहीतर तोही जाईल. मग झाकण, दोन नट, जुना बाहेर, नवा आत, नट घट्ट. ढिला राहिला तर तोच तापतो. अंगठी आणि बांगड्या काढून किंवा हाताला फडकं गुंडाळून. पाना एकच, त्याच्या दांड्याला मी टेप गुंडाळून दिली. पहिल्यांदा तिला बराच वेळ लागला. तिसऱ्यांदा अध्यक्षबाईंनी मोबाईलमध्ये वेळ लावली, तर चार मिनिटांच्या आत. तो पीळही तिनंच कापला, पक्कडीनं, एकेक तार करून. दाजी काठावर पाठ करून बसले होते.

मग तिनं अध्यक्षबाईंकडून कुलूप मागून घेतलं. पेटीला लावलं. किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली.

"आता ह्या पेटीला दोघांनीबी हात लावायचा न्हाय. माझ्या अपरोक्ष उघडली तर मी बोट चालवायची सोडीन, मग चालवा दोघं मिळून."

दाजी उठले, पँटीचा चिखल झाडला. जाताना मला म्हणाले, "पावणं, जेवून जावा." हे निमंत्रण नव्हतं. मी जेवलो नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. भाऊबीजेला मी जातो, ओवाळून घेतो, दाजी त्या वेळी गोठ्यात काहीतरी काम काढतात. गावांत त्यांचा फ्यूज अजून जात नाही, मोटरी अजून जळतात. बोटीबद्दल कुणी विचारलं तर म्हणतात, त्या पेटीचं मला काही विचारू नका, ती बाईमाणसांची पेटी आहे. लोक हसतात. ह्या वेळी कुणाला हसतात ते मला नक्की सांगता येत नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी अक्काचा फोन आला.

"उडाला आज."

"मग?"

"मग काय. जाळं हुतं. कापलं, बदलला, आलो. माणसांस्नी कळलंबी न्हाय, त्यास्नी वाटलं फोटो काढाय थांबलोय. आता दोनच राहिल्यात. येताना घिऊन ये."

मागून दाजींचा आवाज आला, मला ऐकू जावा म्हणूनच काढलेला. "म्हणावं, एकदम पोतंच आण. इंजनेराचं हाय, उडतंय."

सोमवारी सुट्टी झाल्यावर फोर्कलिफ्टवाल्याकडे गेलो आणि सव्वाशेचे सहा घेतले.